तिसरी ताटी

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, भर दुपारी नागपुरातल्या मनीषनगरच्या रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं दिसतात. वेडी, आणि ज्यांचा कूलर बिघडलाय ती. मी दुसऱ्या प्रकारातली होते... निदान त्या दुपारपर्यंत तरी.

आनंदरावांच्या दुकानात शिरले तेव्हा तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यातून घामाची धार मानेवर उतरत होती. दुकानात एक कूलर चालू होता आणि ओल्या वाळ्याचा तो गार वास सगळीकडे भरला होता. जीव जरा ठिकाणावर आला.

"आनंदराव, कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या द्या. मोठ्या साइजच्या. तीन."

"शेवटचा सेट होता पोरी. आत्ताच गेला."

"गेला कुठे? तो काय, इथेच तर आहे!"

कोपऱ्यात एक उंच माणूस तीन ताट्या एकावर एक ठेवून सुतळीनं बांधत होता. त्याचंही डोकं, तोंड पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं. उघडे होते ते फक्त डोळे. त्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला उगाचच वाटलं, हे हसतायत.

"भाऊ, पैसे दिले का तुम्ही?" मी विचारलं.

"देऊन राहिलो."

"म्हणजे अजून दिले नाहीत."

"हात खिशात गेला ना मॅडम. अर्धे दिलेच समजा."

"हे बघा, माझी आई घरी आहे. कूलर नुसती गरम हवा फेकून राहिला. तुमच्या घरी कोण आहे?"

"घरासाठी नाही पायजे मले. मशीनसाठी पायजे."

"मशीनसाठी?"

"हाव. भल्लं तापते ते."

"वा! म्हणजे माझ्या आईनं तापायचं आणि तुमच्या मशीननं गार हवा खायची?"

तो थांबला. मग त्यानं बसवलेली गाठ सोडली, वरची ताटी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"कूलरले तीन बाजू असतात. एक तुमच्या आईले. दोनात मी भागवतो."

"एका ताटीनं काय होणार?"

"एका बाजूनं तरी गार हवा येईन. बाकीच्या दोन बाजूंचं पाहू पुढच्या वेळी."

"पुढची वेळ कुठून आली?"

त्यानं आनंदरावांना पैसे दिले, दोन ताट्या खांद्यावर टाकल्या आणि त्या उन्हात गेलासुद्धा. माणसाचं तोंड बांधलेलं असलं तर हसू दिसू नये. याचं अख्खं दिसत होतं!

आईनं ती एकुलती एक ताटी कूलरला लावली, समोर पंधरा मिनिटं बसली आणि निकाल दिला. "एकाच बाजूनं वास येऊन राहिला वं. बाकीच्या दोन बाजू कोण आणून देणार?"

"पुढच्या वेळी," मी म्हटलं, आणि माझे मलाच कान गरम लागले. ऊनच तसं होतं.

माझा धंदाच मुळी संशयाचा. मिहानच्या आयटी वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर काम करते. त्याला कर्नल म्हणतात. मशीनमधली सगळी सत्ता तिथे एकवटलेली. बाहेरच्या एखाद्या छोट्या प्रोग्रामला या गाभ्यात शिरून चालायचं असेल, तर दारावर एक व्हेरिफायर बसलेला असतो. तो प्रोग्राम चालू देण्याआधी वाचून काढतो. या वाटेनं गेला तर काय करेल, त्या वाटेनं गेला तर काय करेल, मेमरीच्या आपल्या हद्दीबाहेर हात तर घालणार नाही ना... सगळं तपासतो, मगच आत घेतो. अगदी आपल्या आयांसारखा.

पण वाटा फार असतात, आणि व्हेरिफायरही कंटाळतो. मग तो एक सवलत घेतो. 'ही वाट मघाशी पाहिलेल्या वाटेसारखीच आहे. ती ठीक होती, म्हणजे हीपण ठीक.' असं म्हणून ती न तपासताच सोडून देतो. बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. मला सापडलेलं भगदाड तिथेच होतं. दोन वाटा सारख्या आहेत का हे ठरवताना तो काही आकड्यांकडे बघतच नव्हता, कारण हे आकडे बिनमहत्त्वाचे, असं त्यानं आधीच ठरवून टाकलेलं. त्यातला एक आकडा मात्र चांगलाच महत्त्वाचा होता. हे ज्याला कळेल तो साधा वापरणारा माणूस अख्ख्या मशीनचा मालक होऊन बसेल. आणि अशी मशीन्स बँकांत, दवाखान्यांत, कुठे कुठे आहेत.

अशा गोष्टीचा बोभाटा करायचा नसतो. ती मोजक्या माणसांत ठेवायची, दुरुस्ती तयार करायची, आणि ठरलेल्या दिवशी दुरुस्ती आणि बातमी बरोबरच बाहेर सोडायची. आमचा दिवस होता शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच. तारीख एकदा ठरली की ती हलत नाही. दुरुस्ती तयार असो, नसो, अर्धवट असो... शुक्रवारी साडेपाचला जगातल्या सगळ्या चोरांना कळणार होतं की इथे एक दार आहे. दुरुस्ती लिहायची होती मला. आणि तोवर घरीही चकार शब्द काढायचा नव्हता.

आईला माझ्या गप्प राहण्याचा एकच अर्थ कळतो. "कोण आहे तो?" असं ती आठवडाभर विचारत होती.

सोमवारी आमचे नागसेन सर एका माणसाला घेऊन माझ्या टेबलाशी आले. "नूपुर, हे जितेंद्र. काटोलचे. तुझी दुरुस्ती तोडायला आणलंय यांना."

मी मान वर केली. चेहरा नवा होता. उन्हानं रापलेलं नाक, दाढी दोन दिवसांची. डोळे मात्र...

"आईले गार वाटलं का?" त्यानं विचारलं.

"एका बाजूनं," मी म्हटलं.

नागसेन सरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि सुज्ञपणे निघून गेले.

त्याचं मशीन म्हणजे आमचंच चाचणीचं मशीन. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली, तिथे ते असायचं, आणि त्या खोलीतला एसी रोज दुपारी मान टाकायचा. सरांनी फोनवर हे सांगितलं होतं, म्हणून हा गृहस्थ येतानाच ताट्या घेऊन आला. पण बिल्डिंगवाल्यांनी कूलर आत नेऊ दिला नाही. मशीनच्या खोलीत पाणी चालणार नाही म्हणाले. त्या दोन ताट्या बाहेर भिंतीला टेकून कोरड्याच उभ्या राहिल्या. येता-जाता मला त्यांची दया यायची.

जितेंद्रची पद्धत साधी होती. त्याचा एक प्रोग्राम लाखो लहान-लहान वेडेवाकडे प्रोग्राम आपोआप तयार करायचा आणि व्हेरिफायरवर सोडायचा. एखादा निसटून आत गेला आणि गोंधळ घातला की झालं... दुरुस्ती तुटली. सोमवारी दुपारी त्यानं माझी पहिली दुरुस्ती तोडली. मंगळवारी सकाळी दुसरी. तोडली की उसाचा रस माझ्याकडून, टिकली की त्याच्याकडून, असं ठरलं. मी रस पाजून पाजून थकले.

"चांगलं लिहिता तुम्ही," तो म्हणाला.

"मग तोडता काहून?"

"चांगलं आहे म्हणूनच. फालतूचं असतं तर हात नसता लावला."

"कौतुक करायची काटोलची पद्धत दिसते ही."

"काटोलात कौतुक करत नाहीत मॅडम. संत्रं सोलून हातात देतात."

"मग आणा ना संत्रं."

"मे महिन्यात? थांबा ना... येईन तो महिनाही."

असं बोलायचा आणि लगेच स्क्रीनकडे वळायचा, जसं काही बोललाच नाही! मी मात्र एकच ओळ तीन-तीनदा वाचत बसायचे. चिडचिड व्हायची माझी. आणि सकाळी निघताना दोनदा आरशात पाहिलं जायचं, त्याचीही चिडचिड व्हायची.

बुधवारी तिसरी दुरुस्ती टिकली. दिवसभर टिकली. संध्याकाळी आम्ही वर्धा रोडवरच्या रसवंतीत गेलो. कडुलिंबाची सावली, चरकाच्या घुंगरांचा आवाज, आणि पहिल्यांदाच त्याच्या पैशाचा रस. काय गोड लागला म्हणून सांगू!

"जिंकल्या तुम्ही," तो म्हणाला. "रात्रभर अजून चालू ठेवतो. पण मले वाटते, जमलं."

"मग उदास काहून दिसून राहिले?"

"उदास नाही..." त्यानं ग्लास दोन्ही हातांत धरला. "एक सांगायचं होतं. मले बंगलोरहून बोलावणं आलंय. मोठी कंपनी आहे. तर मी—"

"अभिनंदन!" मी म्हटलं.

"पूर्ण तर ऐका—"

"ऐकलं ना. छान झालं. तिकडे एसी बंद पडत नाहीत." ग्लास ठेवला, दुपट्टा बांधला आणि गाडीला किक मारली. त्यानं मागून हाक मारली. मी वळले नाही.

यात समजून घेण्यासारखं काही नव्हतं, सगळं पाहिलेलं होतं. अपूर्वशी माझा साखरपुडा झाला होता. तोही बंगलोरला गेला. दोन महिन्यांत तुला बोलावतो म्हणाला. आधी रोज फोन, मग रविवारी फोन, मग कामं फार. शेवटी साडी आणि अंगठी परत पाठवायचा निरोप त्याच्या मावशीनं दिला, त्याला तेवढीही सवड नव्हती. बंगलोरला जाणारा मुलगा ही वाट कुठे जाते, ते मला पुरतं ठाऊक होतं. पुन्हा तपासायची गरज नव्हती.

घरी आल्यावर कूलरसमोर बसून मी रडले. गार हवेच्या बाजूला आई बसली होती, म्हणून गरम बाजूला बसून रडले.

गुरुवारी दुपारी मशीन गोठलं.

स्क्रीन जिथल्या तिथे थांबला. कुठलं बटण चालेना. एसी नेहमीप्रमाणे बंद पडला होता, खोलीची भट्टी झाली होती, आणि मशीनवर हात ठेवला तर चटका बसत होता. नागसेन सर आले, आमच्या टीममधली श्वेता आली, बाजूच्या टीममधली दोन माणसं आली. सगळ्यांनी मशीनला हात लावला, 'आई गं' केलं आणि एकमतानं सांगितलं, "नवतपा आहे."

नागपुरात या दिवसांत दूध नासलं, टायर फुटला, जावई रुसला, तरी कारण एकच असतं. मलाही ते एका क्षणात पटलं. मशीन पुन्हा चालू केलं, चाचणी पुन्हा लावली. उन्हं कलली, एसी आला, आणि संध्याकाळपर्यंत काही झालं नाही.

"झालं तर मग," मी जितेंद्रला म्हटलं. दिवसभरात त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "नाव टाकता ना?"

आमच्या कामात एक रीत आहे. दुरुस्तीच्या खाली नावं असतात. कुणी लिहिली, कुणी तपासली. तपासणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय कुणी घालत नाही. ते ज्याचं त्यानं द्यायचं. नाव दिलं म्हणजे, मी हे स्वतः चालवून पाहिलंय, उद्या काही झालं तर मला विचारा. ते दुसरं नाव असल्याशिवाय नागसेन सर काहीही बाहेर पाठवत नाहीत.

"नाही टाकत," जितेंद्र म्हणाला.

"काय?"

"मशीन गोठलं ना."

"उन्हानं गोठलं!"

"असंन. पण तापलं होतं, एवढंच आपण पाहिलं. तापल्यानंच गोठलं, हे कोणी पाहिलं?"

"त्यानंतर किती तास चाललं ते! एकदाही नाही थांबलं."

"कोणता प्रोग्राम आत गेला तेव्हा थांबलं, ते माहीत आहे का? नाही. मशीनसोबत तेही गेलं. मग मी नाव कायच्या भरवशावर देऊ?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दारातून व्हरांड्यातल्या त्या दोन कोरड्या ताट्या दिसत होत्या. माझ्या डोक्यात रक्त चढलं.

"राग काढून राहिले तुम्ही," मी म्हटलं. "काल मी पूर्ण ऐकून घेतलं नाही त्याचा."

"राग आहे." त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "भल्ला आहे. पण तो मी इथे नाही आणून राहिलो."

"उद्या साडेपाचला सगळ्या दुनियेले समजणार आहे, जितेंद्र! दुरुस्ती गेली नाही तर काय होईन ते माहीत आहे ना? मले नाव पाहिजे!"

'काहून' माझ्या तोंडी असतंच, पण 'मले', 'दुनियेले' मी ऑफिसात म्हणत नाही. आजीच्या गावची भाषा माझ्या तोंडात फक्त भांडताना येते, आणि तीही घरच्याच माणसांशी. ते दोघांच्याही लक्षात आलं.

"नाव देईन," तो हळूच म्हणाला. "पण खोटं नाही देणार. दुसऱ्या कोणाले दिलं असतं, कंटाळून... तुले नाही देणार."

तुले. मी बाहेर पडले. जिना उतरताना हुंदका येत होता आणि का येतोय ते कळत नव्हतं. घरी आईनं ताट वाढलं. मी भाताशी नुसती खेळत बसले.

"भांडण झालं का त्याच्याशी?" आईनं विचारलं.

"कुणाशी?"

"ज्याच्याबद्दल सांगून नाही राहिली त्याच्याशी."

शुक्रवारी सकाळी व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि थबकले. ओल्या वाळ्याचा वास! खोलीच्या दाराबाहेर कुठून तरी आणलेला एक भला मोठा कूलर धडधडत होता. दोन बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या, तिसऱ्या बाजूला ओलं पोतं. पाणी टपटपत होतं आणि गार झोत थेट दारातून आत जात होता.

जितेंद्र आत जमिनीवर बसला होता. डोळे लाल.

"खोलीत कूलर नको म्हणे," तो म्हणाला. "हा खोलीत नाही. व्हरांड्यात आहे."

"ओलावा लागेल ना मशीनला."

"या दिवसांत? नागपुरात पापडसुद्धा सादळत नाही." मग त्यानं दुसऱ्या एका लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "अन् हा प्रत्येक प्रोग्राम आत जायच्या आधी लिहून घेते. मशीन गोठलं तरी हा राहीन. कालच करायला पायजे होतं मी."

मी मशीनवर हात ठेवला. गार होतं. आता ऊन नव्हतं, एसीचा प्रश्न नव्हता. आज टिकलं तर माझी दुरुस्ती खरी, आणि नाही टिकलं तर... मी त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसले. स्क्रीनवर तपासलेल्या प्रोग्रामांचा आकडा चढत होता. नागसेन सर दोनदा दारात येऊन गेले. श्वेता चहा ठेवून गेली, तो गार झाला. त्याच्या बाहीला कूलरच्या पाण्याचे थेंब होते आणि हात आमच्या मधे जमिनीवर टेकलेला होता. मला तो धरावासा वाटला. मी चहाचा कप धरला.

पावणेबाराला आकडा थांबला.

मी उठून मशीनवर तळहात ठेवला. गार. ते तापलेलं असावं म्हणून मी त्या क्षणी काय वाट्टेल ते दिलं असतं. पण ते माठासारखं गार होतं, आणि गोठलेलं होतं.

'सांगितलं नव्हतं का' असं जितेंद्र म्हणाला नाही. त्यानं फक्त तो दुसरा लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

तिथे शेवटचा प्रोग्राम होता. पंधरा-वीस ओळींचा. एका आकड्याच्या दोन प्रती. एक प्रत बाजूला ठेवली जात होती, मधे भलतीच कामं, आणि मग ती ठेवलेली प्रत पुन्हा उचलली जात होती. तोवर या दोन्ही एकाच आकड्याच्या प्रती आहेत, हे व्हेरिफायर विसरलेला. मी माझी दुरुस्ती उघडली. ती जागा शोधायला मला वेळ लागला नाही, कारण मी तिथे आधी गेले होते.

"मी इथे आले होते," मी म्हटलं. "मंगळवारी. ही जागा पाहिली, आणि वाटलं... ही वरच्यासारखीच आहे. हिला काय तपासायचं. सोडून दिली."

"म्हंजे व्हेरिफायरनं केलं तेच."

"हो. तेच."

मी स्क्रीनकडे पाहत होते, पण समोर रसवंती दिसत होती, आणि दोन्ही हातांत ग्लास धरलेला एक माणूस, अर्ध्या वाक्यावर थांबलेला. लाज वाटली मला. सपशेल लाज. पण रडत बसायला सवड कुठे होती?

"लिहा तुम्ही," तो म्हणाला. "मी सोडतच बसतो तोवर. आता मले माहीत आहे कुठे मारायचं."

मी लिहीत गेले. तो मागे उभा राहून वाचत होता. एका ठिकाणी त्यानं नुसतं 'ऊं' केलं आणि मी तिथली ओळ बदलली. अडीच वाजता एसी मेला. कूलर धडधडत राहिला. नागसेन सर कर्नल सांभाळणाऱ्या लोकांना फोनवर सांगत होते, "येतंय, येतंय." तीनला नवी दुरुस्ती मशीनवर चढली. जितेंद्रनं आधी तो सकाळचा प्रोग्राम सोडला. दारावरच अडला. मग त्याच जातीचे हजारो बनवून सोडले. अडले. मग पुन्हा वेडेवाकडे, लाखांनी. मशीन गोठेना. चार वाजले. पाच वाजले. आकडा चढत होता आणि माझी नखं संपली होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी सर दारात आले. काही विचारलं नाही, फक्त उभे राहिले. मीही विचारलं नाही. पुन्हा विचारणारच नव्हते. नाही म्हणाला असता तर तेही मी ऐकून घेतलं असतं.

जितेंद्रनं कीबोर्ड पुढे ओढला. माझ्या नावाखाली, एकेक अक्षर पाहून, आपलं नाव टाइप केलं.

"टाकलं," तो म्हणाला.

सरांनी दुरुस्ती पाठवली. साडेपाचला बातमी जगभर गेली, आणि बातमीबरोबर दुरुस्तीही गेली. सर म्हणाले, "आता घरी जा. दोघंही." आणि जाताना दार ओढून घ्यायला निघाले, पण कूलर आठवला म्हणून तसंच उघडं ठेवलं.

खोलीत एकदम शांत झालं. धडधड तेवढी.

"परवाचं वाक्य," मी म्हटलं. "पूर्ण झालं नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग करा."

त्यानं भिंतीला डोकं टेकलं. "मले बंगलोरहून बोलावणं आलंय. तर मी त्यांना विचारलं, काम नागपुरातून करू देता का. सोमवारी सांगतो म्हणाले."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर पुढचं तुले विचारून ठरवणार होतो."

"मला काहून?"

"काहून म्हंजे..." आठवडाभर ज्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, तो माणूस चाचरला! "आनंदरावच्या दुकानात माझ्या तिन्ही ताट्या बांधून झाल्या होत्या. गाठ पक्की बसली होती. तू भांडाले लागली अन् मी सोडली. त्या दिवसापासून... मले तू आवडते नूपुर. भल्ली आवडते."

गार हवेचा झोत दोघांच्या मधून जात होता. किती गोष्टी तपासायच्या राहिल्या होत्या. सोमवारचं उत्तर, काटोलचं घर, माझं घर, बंगलोर. एकाही वाटेचा शेवट मला दिसत नव्हता.

"माझा साखरपुडा मोडलाय," मी म्हटलं. "तो मुलगा बंगलोरला गेला होता. तू बंगलोर म्हणाला आणि मी... तुझं पूर्ण ऐकलंच नाही. चुकलं माझं."

"आता ऐकलं?"

"ऐकलं." मी त्याच्याकडे पाहिलं. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं. "सोमवारी काय यायचं ते येऊ दे. मलाही तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. फक्त डोळे दिसत होते तेव्हापासून."

त्यानं तोंडावर हात ठेवला. तरी हसू अख्खं दिसलं.

मग तो उठला, कूलर बंद केला आणि दोन्ही ताट्या खेचून काढल्या. पाणी निथळत होतं. "यांचं काम झालं. चल. बाकीच्या दोन बाजू राहिल्या आहेत ना?"

माझी गाडी ऑफिसातच राहिली. त्याच्या गाडीवर मागे बसले, मांडीवर दोन ओल्या ताट्या, आणि त्या पडू नयेत म्हणून एक हात त्याच्या खांद्यावर. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. संध्याकाळचे सहा वाजले तरी वर्धा रोडवर झळा होत्या. लोक तोंडं बांधून चालले होते. माझा ड्रेस भिजला, त्याची पाठ भिजली, आणि अख्ख्या नागपुरात गार वारा लागत होता तो आम्हा दोघांनाच.

"घट्ट धर वं," तो समोर पाहत म्हणाला. "ताट्या."

मी घट्ट धरलं.

मनीषनगरला पोचलो. मी बेल वाजवली. जितेंद्र एक पायरी खाली उभा राहिला, दोन्ही ताट्या छातीशी धरून, आणि पहिल्यांदाच मला तो घाबरलेला दिसला. आईनं दार उघडलं. माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, ताट्यांमधून टपटपणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न सोडता.

"हा कोण वं?"

"आई, हा... जितेंद्र. बाकीच्या दोन बाजू घेऊन आलाय."

आईनं एका ताटीला बोट लावून पाहिलं. मग ती दारातून बाजूला सरकली.

"मग उन्हात काहून उभा केला त्याला?" ती म्हणाली. "आत घे."